प्रतिस्पर्धी संघ वाचायचा कसा: आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेआधीचा आढावा

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पोर्टो रिकोने अमेरिकेला ९२-७३ असं हरवलं. वीस वर्षांनी, पॅरिस २०२४ मध्ये, हे दोन संघ पुन्हा एका गटात आले. अशा वेळी आढाव्याची सुरुवात त्या जुन्या निकालाने करण्याचा मोह आवरत नाही. तो आवरा. अथेन्सच्या या दोन संघांपैकी पॅरिसपर्यंत खेळत राहिलेला एकच माणूस होता, लेब्रॉन जेम्स. बाकी सगळे बदलले होते. मग त्या निकालातून २०२४ च्या पोर्टो रिकोबद्दल काय कळणार?

नवशिक्यांचे बहुतेक आढावे इथेच घसरतात. ते देशाबद्दल लिहितात, क्रमवारीबद्दल लिहितात, जुन्या पदकांबद्दल लिहितात. वाचकाला मात्र हे हवं असतं की ठरावीक बारा जण, फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांखाली, चाळीस मिनिटं, आपल्या संघासमोर कसे खेळतील. तसा आढावा कसा तयार करायचा ते पुढे दिलं आहे. उदाहरण म्हणून मुख्यतः पॅरिस २०२४ चा अमेरिकेचा गट घेतला आहे: सर्बिया, दक्षिण सुदान आणि पोर्टो रिको. या गटातल्या सामन्यांचे निकाल माहीत आहेत, त्यामुळे आढावा कुठे बरोबर ठरला असता आणि कुठे फसला असता हे तपासता येतं.

आधी स्पर्धेचा आराखडा

प्रतिस्पर्ध्याकडे वळण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा: गटात संघ किती, त्यातले किती पुढे जातात, बरोबरी झाली तर काय, आणि दोन सामन्यांमध्ये किती दिवस.

पॅरिसमध्ये बारा संघ, चार-चारचे तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाच्या तीन संघांपैकी सर्वोत्तम दोन, असे आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत. म्हणजे एकच विजय मिळवणाऱ्या संघालाही आशा असते, पण त्याचं भवितव्य गुणफरकावर टांगलेलं असतं. दक्षिण सुदानने पोर्टो रिकोला ९०-७९ असं हरवलं, मग अमेरिकेकडून ८६-१०३ आणि सर्बियाकडून ८५-९६ असे सामने गमावले. बेरीज करा: अधिक ११, उणे १७, उणे ११, एकूण उणे १७. तिसऱ्या क्रमांकाच्या इतर दोन संघांचा, ब्राझील आणि ग्रीसचा, फरक उणे ७ आणि उणे ८. दक्षिण सुदान घरी गेला. असा आराखडा असेल तर हरणारा संघसुद्धा शेवटच्या मिनिटाला पंधराचा फरक दहावर आणण्यासाठी जिवाचं रान करतो. शेवटची पाच मिनिटं मुख्य खेळाडू मैदानात राहतील की नाही, हे यावरूनच ठरतं.

गटात बरोबरी झाली तर फिबा आधी त्या-त्या संघांमधल्या सामन्यांचाच हिशेब करते, संपूर्ण गटाचा नाही. त्याच स्पर्धेतला 'अ' गट याचा उत्तम धडा आहे. ऑस्ट्रेलियाने स्पेनला ९२-८०, स्पेनने ग्रीसला ८४-७७ आणि ग्रीसने ऑस्ट्रेलियाला ७७-७१ असं हरवलं. तिघांचाही एकेक विजय. आपसातला गुणफरक ऑस्ट्रेलिया अधिक ६, ग्रीस उणे १, स्पेन उणे ५. स्पेन चौथा, स्पर्धेतून बाहेर. विजयाचे दोन गुण, पराभवाचा एक आणि सामना सोडून दिला तर शून्य, हेही लक्षात ठेवा. गुणतक्त्यात हरलेल्या संघापुढे गुण दिसले की नवखे वाचक गोंधळतात.

वेळापत्रक भारतीय वेळेत मांडून घ्या. उन्हाळ्यात फ्रान्स आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो, सौदी अरेबिया वर्षभर अडीच तास. फ्रान्समधल्या लील शहरात रात्री नऊला सुरू होणारा सामना आपल्याकडे साडेबाराला, म्हणजे तारीख उलटून गेल्यावर. ही चूक छापून गेली की वाचक बाकीच्या मजकुरावरही विश्वास ठेवत नाही.

बारा नावं, आणि नसलेली नावं

आता संघाची यादी. अंतिम बारा जाहीर होण्याआधी आढावा पूर्ण करू नका. १० जुलै २०२४ ला, स्पर्धेला तीन आठवडेही उरले नसताना, अमेरिकेच्या संघातून कवाय लेनर्ड बाहेर पडला आणि डेरिक व्हाइट आत आला. आधी लिहून ठेवलेला मजकूर तिथेच शिळा झाला.

प्रत्येक नावापुढे सहा रकाने पुरतात: वय, उंची, क्लब आणि लीग, मागच्या मोसमात सरासरी किती मिनिटं, राष्ट्रीय संघातली भूमिका, आणि दुखापत. यातला पाचवा रकाना सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. क्लबमध्ये बाकावरून येणारा खेळाडू देशासाठी सगळा भार उचलत असू शकतो. डेनिस श्रोडर एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, एका संघातून दुसऱ्यात फिरत राहिला, पण २०२३ च्या विश्वचषकात जर्मनी त्याच्या हाताने खेळली, जगज्जेती झाली आणि तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एनबीएच्या आकड्यांवरून त्याला तोलणारा आढावा त्या वर्षी साफ चुकला असता.

मग नसलेल्यांची यादी करा. कधीकधी आढाव्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तिथेच सापडतं. २०२५ च्या आशिया चषकात भारताच्या गटात चीन होता. चीन म्हटलं की डोळ्यांपुढे उंच सेंटर उभा राहतो. पण झोउ ची आणि यांग हानसेन हे दोन्ही उंच सेंटर त्या संघात नव्हते. 'चीनच्या उंचीपुढे भारताचं काय होणार' असं लिहिणाऱ्याने यादीच उघडली नव्हती. चीनने भारताला १००-६९ असं हरवलं आणि अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून फक्त एका गुणाने, ८९-९०, हार पत्करली. दोन नावं नाहीत म्हणून संघ दुबळा, असंही नाही. तो वेगळा झाला, आणि वेगळा म्हणजे नेमका कसा, ते आढाव्यात यायला हवं.

आशियाई आणि आफ्रिकी संघ पाहताना नागरिकत्वाचा नियम पाठच असू द्या. वयाची सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर त्या देशाचं नागरिकत्व घेतलेला एकच खेळाडू बारा जणांत चालतो. बहुतेकदा तोच संघाचा मुख्य गुण मिळवणारा असतो, आणि स्पर्धेगणिक तो बदलू शकतो. फिलिपिन्सने २०२३ च्या विश्वचषकात ही जागा जॉर्डन क्लार्कसनला दिली, २०२५ च्या आशिया चषकात जस्टिन ब्राउनलीला. एक चेंडू हातात ठेवून खेळणारा गार्ड, दुसरा फॉरवर्ड. जर्सी तीच, आक्रमणाची रचना पार निराळी. क्लार्कसन आईकडून फिलिपिनो वंशाचा आहे, तरी त्याची गणना याच एका जागेत होते. वंश पाहू नका, नियमातली वर्गवारी पाहा. दक्षिण सुदानमध्ये ती जागा कार्लिक जोन्सची होती.

नियम बदलले की खेळाडूही बदलतो

एनबीए पाहून बास्केटबॉल शिकलेल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. सामना ४८ नव्हे, ४० मिनिटांचा. सहाव्या नव्हे, पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर. पहिल्या पाच मिनिटांत दोन फाउल झालेला सेंटर एनबीएत फारशी चिंता न करता परत येतो. फिबात प्रशिक्षक त्याला बहुधा दुसऱ्या क्वार्टरच्या अखेरीपर्यंत बसवतो. म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य सेंटरची फाउल करण्याची सवय, आणि त्याच्या जागी येणारा कोण, हे नोंदवायलाच हवं.

तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर, एनबीएत ७.२४. जवळपास अर्ध्या मीटरच्या फरकामुळे एनबीएत लांबून बेताचा नेम असलेला खेळाडू इथे धोकादायक ठरतो.

बचावातला तीन सेकंदांचा नियम फिबात नाही. उंच बचावपटू पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकटीत, ठाण मांडून बसू शकतो, त्यामुळे झोन बचाव (माणसाऐवजी जागा राखणं) जास्त दिसतो आणि रिंगकडे सरळ मुसंडी मारणाऱ्यांची वाट अडते. शिवाय चेंडू रिंगला लागला की कोणीही तो हाताने उडवू शकतो, मग तो रिंगवर घोळत असला तरी. लांब हातांचा सेंटर फ्री थ्रोनंतर तो चेंडू बाजूला टोलवतो आणि आपल्याला वाटतं पंचांकडून चूक झाली.

टाइम-आउट पहिल्या अर्ध्यात दोन, दुसऱ्या अर्ध्यात तीन, आणि त्यातले शेवटच्या दोन मिनिटांत दोनच वापरता येतात. मैदानातला खेळाडू तो मागू शकत नाही, प्रशिक्षकालाच मागावा लागतो. क्वार्टरमधल्या पाचव्या संघ-फाउलपासून दोन फ्री थ्रो. कोणता संघ चार मिनिटांतच चार फाउल करून बसतो, हे दोन सामने पाहिले की लक्षात येतं.

आकडे: आधी ताबे मोजा

सरासरी गुण पाहून संघ तोलू नका. वेगाने खेळणाऱ्या संघाला चेंडूचा ताबा जास्त वेळा मिळतो, म्हणून त्याचे गुणही जास्त आणि त्याच्यावर झालेले गुणही जास्त. आधी ताबे काढायचे:

ताबे = एकूण फेकी − आक्रमणातले रिबाउंड + टर्नओव्हर + (०.४४ × फ्री थ्रो)

एकूण फेकींत दोन आणि तीन गुणांच्या सगळ्या फेकी येतात, फ्री थ्रो नाहीत. रिबाउंड म्हणजे हुकलेला चेंडू पकडणं, टर्नओव्हर म्हणजे फेक न होताच चेंडू गमावणं. ०.४४ कशासाठी, तर प्रत्येक फ्री थ्रोने ताबा संपत नाही. दोनपैकी पहिला, किंवा बास्केट झाल्यावर मिळालेला जादा फ्री थ्रो, वेगळा ताबा नसतो.

समजा एका संघाने ८१ गुण केले. दोन गुणांच्या ३६ फेकींपैकी २० पडल्या, तीन गुणांच्या २६ पैकी ९, फ्री थ्रो १८ पैकी १४. आक्रमणात ९ रिबाउंड, १३ टर्नओव्हर. ताबे: ६२ − ९ + १३ + ७.९, म्हणजे सुमारे ७४. शंभर ताब्यांमागे गुण साधारण १०९. दुसऱ्या संघाने ९२ गुण केले, पण ८८ ताब्यांत. शंभरामागे १०५ च्या आतच. आक्रमण कोणाचं सरस? ८१ वाल्यांचं.

त्याच आकड्यांतून चार गोष्टी काढा. पहिली, फेकींची खरी टक्केवारी: पडलेल्या फेकी अधिक तीन गुणांच्या पडलेल्यांचा निम्मा भाग, भागिले एकूण फेकी. इथे (२९ + ४.५) ÷ ६२, म्हणजे ५४ टक्के. दुसरी, टर्नओव्हर: १३ ÷ ७४, साडेसतरा टक्के. तिसरी, स्वतःच्या हुकलेल्या चेंडूंपैकी किती परत मिळवले; यासाठी समोरच्या संघाचे बचावातले रिबाउंड लागतात. ते २४ असतील तर ९ ÷ ३३, सत्तावीस टक्के. चौथी, फ्री थ्रो भागिले फेकी, ०.२९. हेच चार आकडे संघाने समोरच्याला किती करू दिले तेही काढा. एकूण आठ आकडे झाले. एवढ्यावर संघाचा सांगाडा उभा राहतो.

मग सावध व्हा. गटात सामने तीनच. २६ वेळा तीन गुणांसाठी फेकणारा, ३६ टक्के नेम असलेला संघ सरासरी नऊ-साडेनऊ टाकेल, पण निव्वळ नशिबाने अडीच कमी किंवा अडीच जास्त होणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे सात गुण इकडे किंवा तिकडे, कोणी चांगलं वाईट न खेळता. म्हणून एका सामन्यातल्या तीन गुणांच्या टक्केवारीवर निष्कर्ष काढू नका. किती फेकी घेतात आणि कुठून घेतात, ही सवय टिकते. किती पडतात, ते हवामानासारखं.

अधिक-उणेचा रकानाही (खेळाडू मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे किंवा मागे गेला) असाच फसवा. एका सामन्यात तो खेळाडूबद्दल कमी आणि त्याच्याबरोबर कोण होतं याबद्दल जास्त सांगतो. मात्र एका माणसाभोवती फिरणाऱ्या संघात तो रकाना सोन्यासारखा.

सामने पाहणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे किमान दोन सामने पाहा, एक जिंकलेला आणि एक हरलेला. शक्य असेल तर आपल्या संघासारखी बांधणी असलेल्या संघाविरुद्धचा निवडा. मुख्य गोष्ट म्हणजे याच प्रशिक्षकाच्या हाताखालचे सामने. प्रशिक्षक बदलला असेल तर दोन वर्षांपूर्वीची फीत जवळपास निरुपयोगी.

पहिल्यांदा नुसतं बघा, काही लिहू नका. दुसऱ्यांदा वही घ्या आणि एका ताब्याला एक ओळ द्या. रकाने असे: वेळ आणि गुणस्थिती, मैदानातले पाच, आक्रमणाची सुरुवात कशी झाली, चेंडू शेवटी कोणाकडे, फेक कुठून, निकाल. नोंदीसह एका सामन्याला अडीच ते तीन तास लागतात. तेवढा वेळ नसेल तर पहिलं क्वार्टर, शेवटची पाच मिनिटं आणि प्रत्येक टाइम-आउटनंतरचा पहिला ताबा एवढं तरी पाहाच. पहिल्या क्वार्टरमध्ये ठरवून आणलेली योजना दिसते, शेवटच्या पाच मिनिटांत कोणावर विश्वास आहे ते, आणि टाइम-आउटनंतर प्रशिक्षकाच्या आवडत्या चाली.

बचावात पहिलं पाहायचं ते पिक अँड रोलला दिलेलं उत्तर. समोरचा उंच खेळाडू चेंडूवाल्यासाठी स्क्रीन लावतो, म्हणजे स्वतः उभा राहून बचावपटूची वाट अडवतो, तेव्हा बचाव करणारा सेंटर काय करतो? मागे सरकून रिंग राखतो, तो ड्रॉप. दोघे बचावपटू माणसं बदलतात, तो स्विच. सेंटर क्षणभर पुढे येऊन वाट अडवतो आणि परत फिरतो, तो हेज. दोघेही चेंडूवाल्यावर तुटून पडतात, तो ब्लिट्झ. प्रत्येक उत्तराची किंमत ठरलेली असते. ड्रॉप केला तर मधल्या पट्ट्यातली आणि स्क्रीनमागची तीन गुणांची फेक मोकळी मिळते. स्विच केला तर सेंटरसमोर चपळ गार्ड उभा राहतो आणि बुटक्या गार्डवर सेंटर. ब्लिट्झ केला तर मागे तिघांना चौघांची राखण करावी लागते. आपल्या संघात यातली किंमत वसूल करणारा कोण आहे? ते नाव लिहिता आलं की आढाव्यातला एक परिच्छेद झालाच.

आता पॅरिस २०२४ चा सर्बिया घ्या. तेव्हाचे प्रशिक्षक स्वेतिस्लाव पेशिच, मैदानात सेंटर निकोला योकिच. २०२३ च्या विश्वचषकात हाच देश योकिचशिवाय अंतिम फेरीत गेला आणि जर्मनीकडून ७७-८३ असा हरला. म्हणजे तो नसतानाही संघ चांगला आहे. पण तो असला की आक्रमणाची घडी बदलते. चेंडू वरच्या बाजूला किंवा फ्री थ्रोच्या रेषेच्या कोपऱ्यावर योकिचकडे येतो, बाकीचे त्याच्याभोवती पळत रिंगकडे कापतात आणि तो त्यांना शोधतो. तो बसला की मिलुटिनोवसारखा सेंटर स्क्रीन लावून रिंगकडे वळतो, आणि निर्णय बोगदान बोगदानोविच व मिचिच या गार्डांच्या हातात जातात. म्हणून सर्बियाची वही दोन भागांत लिहावी लागते, योकिच मैदानात असतानाचा संघ आणि नसतानाचा. लीलमधल्या गट सामन्यात अमेरिका ११०-८४ अशी जिंकली, आणि त्या २६ गुणांच्या फरकातला मोठा हिस्सा योकिच बाकावर असलेल्या थोड्याच मिनिटांत पडला होता. ज्याने फक्त निकाल पाहिला, त्याला उपांत्य सामना एकतर्फी वाटला. ज्याने मिनिटं पाहिली, त्याला नाही. उपांत्य सामन्यात सर्बिया १७ गुणांनी पुढे गेला होता आणि अमेरिकेला ९५-९१ अशी सुटका करून घ्यायला स्टीफन करीचे ३६ गुण लागले.

पोर्टो रिकोसाठी वेगळी नजर हवी. ट्रेमाँट वॉटर्स आणि होसे अल्वाराडो हे दोन बुटके, चिवट गार्ड, आणि आत मुख्यतः जॉर्ज कॉन्डिट. इथे मोठे आकडे कमी आणि सवयी जास्त कामाच्या. समोरचा संघ सावकाश चेंडू वर नेत असताना अल्वाराडो मागे कोपऱ्यात रेंगाळतो आणि पाठीमागून येऊन चेंडू पळवतो. एनबीएत त्याने हेच करून नाव कमावलं. पाहणाऱ्याला गंमत वाटते, पण आपल्या संघाचा पॉइंट गार्ड मागे न बघता चालणारा असेल तर ते चार फुकटचे गुण आहेत. पोर्टो रिको ऑलिंपिकला सान हुआनच्या पात्रता स्पर्धेत लिथुआनियाला ७९-६८ असं हरवून आला होता, आणि अमेरिकेविरुद्धच्या पहिल्या क्वार्टरनंतर २९-२५ असा पुढेही होता. शेवटी हरला ८३-१०४. असा संघ 'पहिली दहा मिनिटं त्रास देईल, मग बाक उथळ पडेल' या एका वाक्यात बसतो, पण ते वाक्य लिहिण्याआधी बाक पाहिलेला असावा.

सराव सामन्यांवर किती भरवसा ठेवायचा

२० जुलै २०२४, लंडन. दक्षिण सुदान मध्यंतराला ५८-४२ असा पुढे. अमेरिका अखेर १०१-१०० अशी वाचली, तीही लेब्रॉनने शेवटच्या काही सेकंदांत टाकलेल्या चेंडूवर. कार्लिक जोन्सने १५ गुण, ११ रिबाउंड, ११ असिस्ट (बास्केट घडवणारे पास) अशी तिहेरी कामगिरी केली. अकरा दिवसांनी लीलमध्ये हाच सामना १०३-८६.

मग सराव सामना खोटा होता का? नाही, त्याचा निकाल वाचायचा नसतो, पद्धत वाचायची असते. प्रशिक्षक रॉयल आयव्हीचा तेव्हाचा संघ पाचही जण रेषेबाहेर पसरून, वेगाने, तीन गुणांसाठी बिनदिक्कत फेकत खेळतो, हे लंडनमध्ये दिसलं आणि ते खरंच होतं. अमेरिकेने त्याचं उत्तर निवड बदलून दिलं. लीलमध्ये अवजड सेंटर जोएल एंबीड खेळलाच नाही, सेंटरची मिनिटं अँथनी डेव्हिस आणि बॅम अडेबायो या जास्त चपळ जोडीकडे गेली, आणि अडेबायोने १८ गुण केले. लंडननंतर 'अवजड सेंटर या संघासमोर महागात पडेल' असं लिहिणारा बरोबर ठरला. 'अमेरिका धोक्यात' लिहिणारा चुकला.

सराव सामन्यातून घ्यायचं ते एवढंच: सुरुवातीचे पाच कोण, दुसरा गट केव्हा येतो, झोन वापरून पाहिला का, कोण दुखापतीतून परतला. चौथ्या क्वार्टरचे गुण सोडून द्या, तेव्हा मैदानात बहुधा नवव्या-दहाव्या क्रमांकाचे खेळाडू असतात. कोणी चाली मुद्दाम झाकून ठेवतं, तर कोणी प्रवासाने थकलेलं असतं.

माहिती तुटपुंजी असेल तेव्हा

भारतासाठी आढावा लिहिताना खरी अडचण इथे येते. सर्बियाचे सामने चारही बाजूंनी चित्रित झालेले असतात. सौदी अरेबिया किंवा जॉर्डनच्या देशांतर्गत लीगचे पूर्ण सामने मिळतीलच असं नाही. अशा वेळी पात्रता फेरीचे सामने हाच मुख्य आधार. फिबाच्या स्पर्धांमध्ये प्रत्येक सामन्याचा गुणतक्ता, ताब्यागणिक नोंद आणि फेकींचा नकाशा मिळतो. व्हिडिओ नसेल तर ताब्यागणिक नोंद वाचा. शेवटच्या पाच मिनिटांत कोण फेकतो, टाइम-आउटनंतर काय होतं, कोणाचे फाउल लवकर होतात, हे त्यातून अर्धंअधिक निघतं.

पात्रता फेरीच्या यादीत आणि मुख्य स्पर्धेच्या यादीत किती नावं समान आहेत ते मोजा. बारापैकी आठ किंवा जास्त असतील तर जुने आकडे वापरा. पाचच असतील तर आकडे बाजूला ठेवून फक्त प्रशिक्षकाच्या सवयी घ्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये जेद्दाहला भारताच्या गटात जॉर्डन, चीन आणि यजमान सौदी अरेबिया होते, आणि सामने एक दिवसाआड. गटातला पहिला संघ थेट उपांत्यपूर्व फेरीत, दुसरा आणि तिसरा आणखी एक सामना खेळून. अशा वेळापत्रकात आढाव्याचा जोर 'चीनला हरवता येईल का' यावर नको, 'तिसरा क्रमांक कुठून मिळेल' यावर हवा. पहिल्याच सामन्यात भारताने जॉर्डनला जादा वेळेपर्यंत ओढलं आणि ८४-९१ असा सामना गमावला. पाच मिनिटांच्या जादा वेळेचा अर्थ मुख्य खेळाडूंचे पाय आणखी थकले, आणि पुढचा सामना चीनशी, मध्ये एकच दिवस. मुख्य तिघांची मिनिटं दर सामन्यानंतर बेरीज करत राहिलात तर तिसऱ्या सामन्याचा अंदाज त्यावरच अर्धा येतो.

आता लिहा

एका प्रतिस्पर्ध्याला साडेतीनशे ते चारशे शब्द. त्यापलीकडे वाचक थांबत नाही. इतिहासाला एक वाक्य पुरे, तेही गेल्या दोन वर्षांतलं. मग आक्रमण, बचाव, बाक. शेवटी आपल्या संघाशी जोड्या: त्यांचा मुख्य गार्ड कोण राखणार, त्यांचा सेंटर बाहेर आला तर आपला कुठे उभा राहणार, आणि ते झोनमध्ये गेले तर मधल्या जागेत चेंडू कोण घेणार.

प्रत्येक संघाबद्दल तीन वाक्यं अशी लिहा की सामन्यानंतर ती खरी की खोटी ते तपासता यावं. सर्बियासाठी असा नमुना: 'योकिच बसलेला असताना अमेरिका वेग वाढवेल आणि सामन्यातला सर्वांत मोठा फरक त्या मिनिटांत पडेल. सर्बिया तीसहून अधिक वेळा तीन गुणांसाठी फेकेल. योकिचला पहिल्या अर्ध्यात तिसरा फाउल झाला तर सामना तिथेच एकतर्फी होईल.' याउलट 'सर्बियाला हलक्यात घेता येणार नाही', 'अनुभव निर्णायक ठरेल', 'जो चांगला खेळेल तो जिंकेल' ही वाक्यं कोणत्याही संघाबद्दल, कोणत्याही वर्षी लिहिता येतात, म्हणून खोडून टाका.

नावांचे उच्चारही तपासा. सर्बियन 'योकिच'चा 'जोकिक' झालेला पाहून जाणकार वाचक तिथेच पान मिटतो.

सामन्याच्या दिवशी एक शेवटचं काम उरतं. प्रशिक्षकांना सुरुवातीचे पाच खेळाडू सामना सुरू होण्याच्या किमान दहा मिनिटं आधी पंचांच्या टेबलावर नक्की करावे लागतात. ते पाच तुमच्या वहीतल्या पाचांशी जुळतात का ते पाहा. एक नाव वेगळं असेल तर कोणत्या जोडीसाठी ते बदललं हे शोधा, आणि जोड्यांचा परिच्छेद तेवढा दुरुस्त करून चेंडू उडायच्या आत मजकूर पाठवा.